गाठ सोडायची नाही

आत्याच्या पाळणाघरात एक दोरी होती. साधी सुती, पण जाडजूड, आणि तिला हातभर अंतरावर गाठी मारलेल्या. बाहेर पडायचं म्हणजे प्रत्येक पोराने आपापली गाठ धरायची आणि आत्या सांगेपर्यंत सोडायची नाही. नाक पुसायचं असेल तर दुसऱ्या हाताने पुसायचं. मांजर दिसलं तर गाठीसकट थांबायचं. आपली चप्पल कुठल्या पायाची हे ज्यांना कळत नव्हतं, त्या पोरांना आपली गाठ मात्र झोपेतही ओळखू यायची. पहिली गाठ नेहमी सगळ्यांत चिडक्या पोराची, कारण चिडकं पोर पुढे असलं की मागचे गुमान चालतात. तिसरी गाठ आत्याच्या सख्ख्या भाचीची, धाकट्या भावाच्या मुलीची. ती आत्या म्हणायची म्हणून सगळी पोरं आत्या म्हणू लागली, मग पोरांच्या आया, मग गल्ली, आणि आता कारखान्याचा पहारेकरीसुद्धा, जो तिच्याहून वयाने चांगला मोठा होता.

कारखाना भिंतीपलीकडेच होता. पाणी शुद्ध करायला आणि कापड पांढरं करायला लागणारा क्लोरीन तिथे टाक्यांत भरून ठेवत. हा वायू हवेपेक्षा जड. सुटला तर धुरासारखा वर जात नाही, जमिनीलगत सरपटत जातो, उंबरे ओलांडून घरात शिरतो. मोठ्या माणसाच्या कमरेला लागेपर्यंत तो तीन वर्षांच्या पोराच्या डोक्यावरून गेलेला असतो. हे आत्याला धाकट्यानेच सांगितलं होतं. धाकटा त्या कारखान्याचा सुरक्षा अधिकारी होता. आई गेल्यावर आत्यानेच त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, कान पिळून अभ्यासाला बसवलं. त्याला ही नोकरी लागली तेव्हा तिने गल्लीभर मिरवलं होतं.

अशा कारखान्यांसाठी सरकारचे नियम असतात, आणि नियम काही वाईट नसतात. वर्षातून एकदा आसपासच्या वस्तीला बरोबर घेऊन सराव करायचा. भोंगा वाजला की वाऱ्याची दिशा बघायची आणि वायूच्या वाटेतून बाजूला व्हायचं. दिशा कळावी म्हणून उंच खांबावर नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची कापडी नळी लावायची, तीही वाऱ्याबरोबर फिरणारी. पोरं तिला सोंड म्हणायची, म्हणून सगळी वस्ती सोंडच म्हणे. सोंडेचं टोक जिकडे, तिकडे वारा चालला. तिकडे जायचं नाही. इतकं सोपं आहे हे. लिहिणाऱ्याने डोकं लावून लिहिलंय. त्याची वाट लावायची कामगिरी नंतरच्या लोकांनी आनंदाने पार पाडली.

पाळणाघरासमोरची गल्ली कारखान्याच्या भिंतीला धरून जायची. डावीकडे गेलं की दोन नंबरच्या फाटकाजवळचं मैदान, उजवीकडे गेलं की टेकडीचा चढ आणि चढावर पाण्याची टाकी. सराव नेहमी मैदानावर. तिथे सावली होती, पाहुण्यांच्या गाड्या थेट खुर्च्यांपर्यंत यायच्या, आणि सरावाच्या शेवटी बिस्किटं वाटली जायची. भोंगा वाजला की पोरं आता घाबरत नसत, उलट टाळ्या पिटत. भोंगा म्हणजे बिस्किटं. आत्यालाही ह्याचं कौतुक होतं. तिची रांग सगळ्यांत सरळ यायची आणि पाहुणे फोटो काढायचे.

त्या दुपारी वारा सुटला आणि वाळत घातलेलं एक झबलं तारेवरून उडून गेलं. थोड्या वेळाने पहारेकरी ते चिमटीत धरून हजर.

"आत्या, तुमचं पाखरू पुन्हा आमच्या मैदानात उतरलं."

"तुमच्या मैदानात काय मध सांडलाय कुणास ठाऊक," आत्या म्हणाली. "दुपार झाली की माझे सगळे कपडे तिकडेच धावतात."

बोलता बोलता तिचा हात थांबला. तारेवरच्या चादरी मैदानाच्या दिशेने फडफडत होत्या. तिने भिंतीवरून वर पाहिलं. सोंड उलट्या बाजूला, चढाकडे टोक करून ताठ उभी होती.

"अहो, ही सोंड कुठे बघतेय?"

"टेकडीकडे," पहारेकरी मान वर न करता म्हणाला.

"न बघता सांगितलंत?"

"त्यात बघायचं काय? रंग मारल्यापासून ती तिकडेच बघते. गेल्या तपासणीच्या आधी सगळा कारखाना रंगवला ना, तेव्हा रंगाऱ्याने खांबाबरोबर, सोंड ज्यावर फिरते ते वरचं कडंही रंगवलं. वाळलं, घट्ट बसलं. दिसते मात्र झकास."

झकास दिसत होती ह्यात शंका नव्हती. आधीची सोंड नुसत्या कापडाची होती. वारा पडला की लोंबायची. फोटोत बरी दिसत नाही म्हणून कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी आतून तारेचा सांगाडा असलेली मागवली. म्हणजे वारा असो नसो, ही आपली जेवून उठल्यासारखी फुगलेली. जिथे वारा नाही तिथेही वारा दाखवणारी, आणि जिथे आहे तिथे उलटा. बाई, बाई, बाई! कारखाना चालवणाऱ्या शिकल्यासवरल्या माणसांनी पैसे मोजून विकत घेतलेला मूर्खपणा होता तो.

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या वर्षी ती स्वतः पोरांना घेऊन मैदानावर गेली होती. दुपारची वेळ, असाच वारा. टाक्यांवरून येणारा वारा पोरांच्या तोंडावर, आणि पोरं बिस्किटं खात बसलेली.

संध्याकाळी धाकटा मुलीला न्यायला आला. आत्याने त्याला आत घेतलं नाही, उंबऱ्यावरच उभं केलं.

"सोंड फिरत नाही."

धाकट्याने बुटाकडे पाहिलं. लहानपणी दूध सांडलं की असाच बघायचा.

"तुला माहीत होतं," आत्या म्हणाली.

"ताई, मी बोललो होतो साहेबांना."

"कितीदा?"

"...एकदा."

"एकदा! अरे, लोक रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून ह्यापेक्षा जास्तदा बोलतात!"

"खांब टाक्यांच्या शेजारी आहे. तिथे काम करायचं तर वायूची भरणी बंद ठेवावी लागते. साहेब म्हणाले, आता तपासणी तोंडावर आहे, ती होऊ दे, मग बघू. आणि सराव म्हणजे खोटाखोटाच ना ताई. खरा वायू थोडाच सोडणार आहेत?"

"खोटा वायू, खोटा भोंगा, खोटी सोंड. माझी पोरं खरी आहेत रे!" आत्याचा आवाज इतका चढला की आत एक पोर रडायला लागलं. "मी त्यांना वर्षानुवर्षं काय शिकवते? भोंगा वाजला की मैदान. उद्या खरा वाजला तर ती कुठे जातील? मी कुठे नेईन? शिकवलंय तिथेच ना? सराव कशाला म्हणतात? सवयीलाच म्हणतात ना? तुम्ही लोकांनी मला पोरांना वायूच्या तोंडात घेऊन जायची सवय लावलीत. आणि वर बिस्किटं!"

धाकट्याने आत डोकावून रडणाऱ्या पोराकडे पाहिलं.

"तुझी मुलगी तिसऱ्या गाठीला असते. विसरलास?"

"नाही विसरलो."

"मग परवाच्या सरावाला तो सरकारी तपासनीस येईल, त्याच्यासमोर सांग. सोंड अडकलीय, दिशा उलटी आहे, जागा चुकीची आहे. तीन वाक्यं. पाठ करून घेऊ का?"

"बघतो," धाकटा म्हणाला.

बघतो! ह्या एका शब्दाने जगात जेवढं नुकसान केलंय तेवढं कुठल्या वायूने केलं नसेल. बघणारा कधी बघत नाही, आणि ज्याला दिसतं तो बघतो म्हणून निघून जातो. धाकट्याने मुलीला कडेवर घेतलं आणि तो गेला. मुलीने त्याच्या खांद्यावरून आत्याला हात केला.

दुसऱ्या दिवशी आत्या स्वतः मोठ्या साहेबांकडे गेली. साहेब गोड माणूस. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, पंखा वाढवला.

"ताई, मुलांची काळजी तुमच्याइतकीच आम्हाला आहे."

"मग सोंड सोडवा."

"सोडवणार ना. पण उद्या सराव आहे, आज धावपळ नको. आणि तसं पाहिलं तर सगळी यंत्रणा उत्तम असल्याचं तुमच्या बंधूंनीच लिहून दिलंय, स्वतःच्या सहीने." साहेब हसले. "आता ते खोटं म्हणायचं तर आधी कुणाकडे बोट जाईल? घरचं माणूस अडचणीत येईल असं काही करू नका, एवढंच माझं म्हणणं."

आत्या उठली. इतक्या गोड बोलण्यातून इतकी घाण धमकी तिने आजवर ऐकली नव्हती. सही धाकट्याची, खुर्ची साहेबांची, आणि फुप्फुसं तिच्या पोरांची. काय वाटणी होती! फाटकातून बाहेर पडताना तिने पहारेकऱ्याला विनाकारण झापलं, मग मागे वळून त्याची माफी मागितली, आणि तरी राग तसूभर कमी झाला नाही.

सरावाच्या दिवशी दुपारी पोरं गाढ झोपलेली असताना भोंगा वाजला. वारा रोजच्यासारखाच मैदानाकडे. आत्या आणि तिच्या हाताखालच्या मावशींनी पोरांना उठवून चपला चढवल्या, दोरी पसरली. पोरांनी डोळे चोळत गाठी धरल्या.

"बिस्किटं!" पहिल्या गाठीवरचं चिडकं पोर म्हणालं आणि सवयीने डावीकडे वळलं.

"आज उजवीकडे," आत्या म्हणाली.

"तिकडे बिस्किटं नाहीत!"

"नसू देत."

रांग हलली. शेजारपाजारची माणसं डावीकडे चालली होती, रमतगमत, कुणी पोराला खांद्यावर घेऊन, कुणी फोनवर बोलत. आत्याची रांग त्यांच्यातून उलटी जात होती. पंक्चरवाला दुकानाच्या दारातून ओरडला, "आत्या, चुकलात! आज मैदान तिकडे आहे!"

"मैदान तिथेच आहे, अक्कल हलली होती," आत्या म्हणाली. "तुम्हीही या वर."

पंक्चरवाला हसला, पण तिचा चेहरा बघून हातातलं टायर ठेवून मागोमाग निघाला.

चढ छोटा होता, पण पोरांची पावलं त्याहून छोटी. वरती, पाण्याच्या टाकीच्या सावलीत पोहोचेपर्यंत दोन पोरं रडून झाली होती आणि एकाची चप्पल पंक्चरवाल्याच्या खिशात होती. गाठ मात्र कुणी सोडली नव्हती. खाली सगळा कारखाना दिसत होता. मैदानावर मंडप, मंडपाखाली खुर्च्या, खुर्च्यांसमोर टेबल, त्यावर नवीकोरी सुरक्षा साधनं मांडलेली. वस्तीतली माणसं दाटीवाटीने उभी. टाक्यांवरून निघालेला वारा सरळ त्यांच्या अंगावर जात होता आणि मंडपाची झालर आडवी करत होता. वर सोंड निवांतपणे टेकडीकडे, म्हणजे नेमकी आत्याकडे बघत होती.

लाउडस्पीकर खरखरला. मग धाकट्याचा आवाज आला. एकेका जागेचं नाव घेऊन तो हजेरी सांगत होता. पहिली चाळ, सर्व सुखरूप. दुसरी चाळ, सर्व सुखरूप. दुकानं, सर्व सुखरूप.

"पाळणाघर," आवाज म्हणाला. "सर्व मुलं हजर. सर्व सुखरूप."

आत्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मावशींनी तोंडावर हात ठेवला. धाकट्याने मान वर करून पाहिलं नव्हतं. एवढी मोठी रांग आली नाही हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण हजेरी सकाळीच तयार होती आणि तो फक्त वाचत होता.

तिसऱ्या गाठीवरची पोरगी खुश झाली. "बाबा! बाबांचा आवाज!" मग तिने कपाळाला आठ्या घातल्या. "आत्या, बाबा म्हणाले आपण तिकडे आहोत. आपण तिकडे आहोत?"

"नाही गं बाळा. आपण इथे आहोत."

"मग बाबांना सांग ना."

"सांगते," आत्या म्हणाली. "सगळ्यांनी गाठी सोडा. दोरी मला हवीय."

पोरं मावशींच्या आणि पंक्चरवाल्याच्या हवाली करून ती दोरी खांद्यावर टाकून खाली निघाली. उतारावर ती जवळजवळ धावतच होती. मंडपात चहा फिरत होता. तपासनीस आणि मोठे साहेब शेजारी शेजारी बसले होते, धाकटा माइक धरून उभा. आत्याने दोरी टेबलावर आपटली. कप थरथरले.

"ही माझी हजर मुलं," ती तपासनिसाला म्हणाली. "प्रत्येक गाठीला एक. बघा, सापडतात का."

तपासनिसाने दोरीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "आपण कोण?"

"पाळणाघराच्या बाई आहेत," साहेब पटकन म्हणाले. "थोडा गैरसमज झालाय."

"काही गैरसमज नाही. मुलं टेकडीवर आहेत. ह्यांनी माइकवर सांगितलं इथे आहेत. खरा वायू सुटला असता आणि एखादं पोर मागे राहिलं असतं, तर शोधायला कोण गेलं असतं? ह्यांच्या हिशेबी ती वाचली होती!"

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो मैदानभर बघत होता, जणू मुलगी आता कुठून तरी निघेल.

"म्हणजे पाळणाघराने आराखड्याप्रमाणे हालचाल केली नाही," तपासनीस सावकाश म्हणाला आणि पेन काढलं.

आत्याला हसू आलं, इतका राग आला. "हो, लिहा! आणि का नाही केली तेही लिहा. ती झालर बघा, कुठे उडतेय. आता सोंड बघा. एकाच मैदानावर दोन वारे वाहतात का हो?"

सगळ्यांच्या माना आधी झालरीकडे, मग वर गेल्या. गर्दीत कुजबुज सुरू झाली.

"वरचा वारा वेगळा असतो," साहेब शांतपणे म्हणाले. "उंचीवर दिशा बदलते. साधं विज्ञान आहे."

आणि तपासनिसाने मान डोलावली! आत्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. ती मान खाली आली, पुन्हा वर गेली, आणि त्या डोलण्याबरोबर सगळी वस्ती आणखी एक वर्ष त्या मैदानावर उभी राहिली. मग तपासनीस, केवळ रीत म्हणून, धाकट्याकडे वळला. "असं असतं ना, सुरक्षा अधिकारी?"

ती तीन वाक्यं आत्याने त्याला आधीच सांगून ठेवली होती. त्याच्या वाटची ती बोलणार नव्हती.

धाकट्याने माइक टेबलावर ठेवला. मांडलेल्या साधनांतला एक सुरक्षा पट्टा उचलला, त्याची किमतीची चिठ्ठी अजून लोंबत होती, आणि एक पाना घेतला. साहेब म्हणाले, "अहो, कुठे निघालात?" तो थांबला नाही. सरावासाठी भरणी बंदच होती. तो टाक्यांशेजारच्या खांबाशी गेला, पट्टा अडकवला आणि पायऱ्या चढू लागला. वर पोहोचून त्याने कड्यावर पाना हाणला. एकदा. दुसऱ्यांदा. रंगाच्या खपल्या खाली पडल्या. मग कडं किंचाळलं, मैदानावर सगळ्यांना ऐकू आलं, आणि सोंड हलली. टेकडीवरून निघाली, टाक्यांवरून फिरली, आणि मंडपाकडे टोक करून थांबली. बरोबर पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर.

तपासनीस उठला आणि खुर्ची उचलून बाजूला झाला. कुठलाही वायू सुटला नव्हता, तरी झाला. साहेबही उठले. मग वस्तीतली माणसं हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. एका बाईने हातातला बिस्किटाचा पुडा साहेबांच्या टेबलावर परत ठेवला, आणि तिच्यामागे दुसरीने.

धाकटा खाली उतरला तेव्हा त्याच्या केसांत रंगाच्या खपल्या होत्या.

"ताई, फिरली," तो म्हणाला.

"वर्षभर तुझ्या हातात होतं," आत्या म्हणाली. "दोन ठोके." तिने दोरी उचलली आणि तिसरी गाठ शोधून त्याच्यापुढे धरली. "धर. पोर कुठे उभं आहे ते दाखवते. वाट शिकून घे."

सगळ्यांदेखत धाकट्याने गाठ धरली. आत्या पुढे, तो मागे, मध्ये रिकाम्या गाठी. मागून लाउडस्पीकरवर साहेबांचा आवाज आला: किरकोळ त्रुटी जागच्या जागी दूर केली आहे, सराव यशस्वी झाला आहे, सर्वांचे आभार. आत्याने मागे वळून बघितलं नाही. पंक्चरवाल्याच्या दुकानापाशी तिला जाणवलं की दोरीमागे बरीच पावलं वाजताहेत.

वर पोहोचल्यावर मुलगी बापाकडे धावली नाही. ती त्याच्या हाताकडे बघत राहिली.

"बाबा, ती माझी गाठ आहे."

"हो."

"तुम्ही म्हणालात आम्ही आलो. आम्ही नव्हतो आलो."

तेवढ्यात साहेबांचा कारकून धापा टाकत चढ चढून आला. त्याच्या हातात सरावाचा अहवाल होता आणि टोपण काढलेलं पेन. "साहेब, एवढी एक सही राहिली. तपासनीस निघालेत. इथेच करा, मी पाठ देतो." आणि तो खरंच वाकून उभा राहिला.

धाकट्याने आत्याकडे पाहिलं. आत्या टाकीच्या भिंतीला टेकून एका पोराला चप्पल घालत होती. तिने मान वर केली नाही. तिला ऐकू येत नव्हतं असं नाही.

"बाबा," मुलगी दटावून म्हणाली, "आत्या सांगेपर्यंत गाठ सोडायची नाही."

"नाही सोडत," धाकटा म्हणाला. मग तो वाकलेल्या कारकुनाला म्हणाला, "जा, सांग साहेबांना. हात मोकळा नाही माझा. आणि मोकळा झाला तरी त्या कागदावर तो चालणार नाही."

कारकून सरळ झाला, दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला आणि शेवटी उतरू लागला. धाकटा गाठ धरून तसाच उभा राहिला. टाकीची सावली सरकून ऊन त्याच्या अंगावर आलं, हाताला घाम आला. आत्याने सगळ्या पोरांच्या चपला घातल्या, नाकं पुसली, पाणी पाजलं. एकेका पोराच्या डोक्याला हात लावून सगळी मोजली, आणि मग पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.

"ताई," धाकटा हळूच म्हणाला, "सोडू?"

"मोजतेय," आत्या म्हणाली.